गरम बिस्किटांचा डबा

माझा स्वभाव संशयी, हे आधीच सांगून टाकते. दुधात बोट बुडवून बघितल्याशिवाय मी कधी रतीब घेतला नाही. वर्गात दोन पेपरांत एकच चूक दिसली की दोघांनाही उभं करायचे. आमचे हे म्हणायचे, "तू प्रार्थनेलासुद्धा एक डोळा उघडा ठेवतेस." खोटं नव्हतं ते. देवळात सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना कोण काय करतंय, हे कोणीतरी बघायला नको का?

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. आम्ही दोघं नवरा-बायको देवळाली प्रवऱ्यात मास्तरकी करत होतो. नाताळ जवळ आला की आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या बायकांची बिस्किटांची धांदल सुरू व्हायची. तेव्हा घरात कुणाकडे ओव्हन? रवा, मैदा, साखर, तूप आणि तांब्याभर दूध घेऊन सगळ्या भट्टीवर जायच्या. भट्टीवाला आपल्यासमोर सगळं वजन करून मळायचा, हातयंत्रातून पट्ट्या काढायचा, तुकडे करून पत्र्यांवर मांडायचा आणि लांब फळीनं पत्रे भट्टीत सारायचा. प्रत्येकीच्या पत्र्यांवर तिच्या नावाची चिठ्ठी असायची.

आमचा भट्टीवाला म्हणजे गावाचा अण्णा. तोही आमच्याच मंडळीतला. पन्नाशीचा, अंगानं वाळका, कमी बोलणारा माणूस. बायको वारलेली, एक मुलगी, तीच यंत्राचं हँडल फिरवायची. वर्षभर पाव-खारी विकायचा आणि सणाला लोकांची बिस्किटं भाजून द्यायचा.

पहिल्या वर्षी मी गेले ती चांगलं दीड शेर घरचं तूप घेऊन. सकाळपासून लोणी कढवलेलं. तुपाचा वास आला तसं अण्णा म्हणाला, "तूप लई चांगलं हाय, बाई." झालं. माझ्या मनात पाल चुकचुकली. याला माझ्या तुपाचं कौतुक कशाला? तो मळायला बसला तेव्हा मी त्याच्या डोक्यावर उभी होते. तरी मधे दोन गिऱ्हाइकं आली, त्यांच्याशी बोलण्यात माझी नजर जराशी हलली असेल.

पत्रे बाहेर आले, बिस्किटांवर सुरेख तांबूस रंग चढला होता. बाकीच्या बायका पत्रे तसेच फळ्यांवर ठेवून घरी जायच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डबे घेऊन यायच्या. मला ते काही पटेना. रात्रभर आपली बिस्किटं दुसऱ्याच्या दुकानात उघडी टाकायची? उंदीर खातील, का माणसं खातील, कोणाला माहीत? मी फडक्यानं उचलून उचलून गरम बिस्किटं डब्यात भरायला लागले.

अण्णा म्हणाला, "बाई, गरम भरू नका. गार व्हऊ द्या. सकाळी न्या की."

"मला सकाळी वेळ नाही," मी म्हणाले. मनात म्हणाले, वा रे वा, सकाळपर्यंत चार मुठी कमी झाल्या तर मी कुठे शोधत बसू? झाकण दाबून बसवलं, वरून फडकं गुंडाळलं आणि डबा कडेवर घेऊन घरी आले.

नाताळाच्या दिवशी पाहुण्यांपुढे ताटली ठेवली. आमच्या सासूबाईंनी एक बिस्कीट उचललं आणि वाकवून बघितलं. हो, वाकवून. ते तुटलंच नाही. मग चहात बुडवून गिळून टाकलं. शेजारच्या घरात मात्र बिस्कीट तोडलं की टक्क वाजत होतं. त्याच भट्टीतली, त्याच दिवशीची. मी डब्याचं झाकण उलटं करून बघितलं तर आतल्या बाजूनं पाणी साचलेलं. बारीक बारीक थेंब. पाणी! म्हणजे तुपात पाणी घातलंय, किंवा तूप काढून घेऊन दुधापाण्यावर भागवलंय. दुसरं काय असणार? माझ्या दृष्टीनं खटला तिथंच संपला.

पण इतक्या बायकांमधून माझंच तूप का मारावं? याचं उत्तरही मी शोधून काढलं. त्याच्या मुलीला मी सातवीत नापास केलं होतं. भूमितीत कच्ची होती, पास करणार कशी? त्यानंतर तिनं शाळा सोडली. हा माणूस तोंडानं गोड बोलून त्याचा सूड उगवतोय, असं मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "भूमितीचा सूड बिस्किटांत?" आणि पेपर वाचत बसले. माझा असा संताप झाला की दोन दिवस मी ह्यांच्यापुढे ताट आदळत होते.

दुसऱ्या वर्षी मी स्टूल घेऊनच गेले. सकाळी आठला बसले ती शेवटचा पत्रा बाहेर येईपर्यंत हलले नाही. तुपाच्या भांड्याला दोरा बांधलेला, तो मी स्वतः सोडला. मुलगी यंत्र फिरवताना माझ्याकडे बघून हसली, तर मी मान फिरवली. डोळ्यांत तेल घालून बघत होते आणि खरं सांगते, अण्णानं एक थेंब इकडचा तिकडे केला नाही. तरी माझं मन म्हणत होतं, सराईत आहे, आपल्याला दिसत नाही इतकंच. पत्रे निघाले तसा तो पुन्हा म्हणाला, "बाई, येक रात राहू द्या पत्र्यावर. मागल्या सालीबी सांगितलं व्हतं."

"पुन्हापुन्हा सांगताय म्हणूनच तर नेते," मी फटकन बोलले. त्यानं हातातली फळी भिंतीला टेकवली आणि आत निघून गेला.

त्या वर्षीही बिस्किटं मऊच निघाली. झाकणाला तेच पाणी. मग मात्र मी तोंड आवरलं नाही. देवळातून, म्हणजे आमच्या चर्चमधून, बाहेर पडताना सात-आठ बायकांसमोर सांगितलं, "अण्णा तूप मारतो. मी दोन वर्षं बघितलंय." मी शाळेतली बाई, माझ्या शब्दाला गावात वजन. कोणी पुरावा मागितला नाही. पुढच्या सणाला निम्म्या बायका राहुरीच्या भट्टीवर जाणार असल्याचं कानावर आलं, आणि मला, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

इथवर तरी सगळं बिस्किटांपुरतं होतं.

शिमग्याच्या सुमाराला सोनईचे एक गृहस्थ शाळेत माझी चौकशी करत आले. तेही जुने मास्तर. त्यांच्या पुतण्यासाठी अण्णाची मुलगी बघितली होती, मुलाला पसंत होती, मुलीलाही मुलगा आवडला होता. आमच्यात सोयरीक ठरवण्याआधी गावातल्या शाळामास्तराकडे किंवा पाळकांकडे एकदा विचारून जायची रीत. ते म्हणाले, "बाई, मुलगी तुमच्या हाताखाली शिकलेली. माणसं कशी आहेत?"

मुलीबद्दल मी वाईट बोलले नाही. गुणी आहे, कामाची आहे, म्हणाले. मग बापाचं विचारलं. मी जरा थांबले. ते थांबणंच किती बोललं असेल! मग म्हणाले, "मी कुणाचं नाव घेऊन बोलत नाही. पण मी माझं तूप आता त्या भट्टीवर देत नाही." मास्तरांनी अर्धा कप चहा तसाच ठेवला आणि निरोप घेतला. महिन्याभरात कळलं, सोनईकडून नकार आला.

त्याच वर्षी पाऊस गेला. बहात्तरचा दुष्काळ ज्यांनी बघितला त्यांना त्याबद्दल मी काय सांगणार? नाताळाला माहेरून पावशेर तूप आलं, तेवढंच. तेवढ्याशा जिनसांसाठी राहुरीला कोण जाणार? मी घरीच करायचं ठरवलं. मोठ्या पातेल्यात वाळू तापवली, तिच्यावर ताटली ठेवली, झाकणावर निखारे घातले. मळलं मी, भाजलं मी. घरात दुसरं कोणी नव्हतं. हे शाळेत गेलेले. ताटली निघाली की गरम गरम बिस्किटं सवयीनं डब्यात भरायची आणि झाकण लावायचं. शेवटची पाच-सहा डब्यात मावली नाहीत, ती परातीत खिडकीशी राहिली, त्यावर पेपर पडला आणि मी विसरले.

दुसऱ्या दिवशी डबा उघडला. मऊ. झाकणाला पाणी.

मी झाकण उजेडात धरून बघितलं. तूप माझं, हात माझे, घर बंद. संशय घ्यायला माझ्याशिवाय कोणी उरलंच नव्हतं. मग खिडकीतली परात आठवली. पेपर उचलला, एक बिस्कीट तोडलं. टक्क वाजलं. तरी माझं समाधान होईना. मऊ पडलेली पुन्हा पातेल्यात तापवली, निम्मी उघडी ठेवली, निम्मी डब्यात कोंडली. तासाभरानं बघितलं. उघडी कुरकुरीत, कोंडलेली घामेजून पुन्हा लिबलिबीत. गरम बिस्किटांची वाफ, दुसरं काही नाही. सातवीच्या विज्ञानात मी वाफेचं पाणी कसं होतं ते दरवर्षी शिकवत होते. भांड्यावर झाकण ठेवून, आकृती काढून.

ह्यांना संध्याकाळी सगळं सांगितलं. हे एवढंच म्हणाले, "आणि त्या पोरीचं काय?" मला रडू आलं.

नाताळ झाल्यावर मी भट्टीवर गेले. अण्णा पीठ चाळत होता. मुलगी आत असावी. मी म्हणाले, "अण्णा, माझी चूक झाली. तूप तुम्ही कधीच काढलं नव्हतं."

"ते मला ठावं हुतं, बाई," तो म्हणाला. "तुमालाच ठावं न्हवतं."

शिव्या दिल्या असत्या तरी मी ऐकून घेतल्या असत्या. तो चाळतच राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "सोनईच्या पोराचं अजून कुठं जमलं न्हाई. दुष्काळात लगनं लांबली. पोरीच्या मनात हाय अजून. आमी सांगून काय उपेग? तुमच्या तोंडून बिघडलं, तुमच्याच तोंडून नीट व्हईल."

मी म्हणाले, जाते. येत्या रविवारीच जाते. आणि तिथं माझ्यातली मास्तरीण पुन्हा जागी झाली. नुसत्या शब्दानं काय होणार? पुरावा दाखवायला हवा. इकडून तिकडून गोळा करून तूप-साखर जमवली आणि शनिवारी अण्णाच्या भट्टीवर दिली. ह्या वेळी स्टूल नेलं नाही. पत्रे रात्रभर तिथंच राहू दिले. सकाळी मुलीनं माझा डबा भरून ठेवला होता. असली खुसखुशीत बिस्किटं माझ्या घरात कधी झाली नव्हती. "मास्तरांना माझा सलाम सांगा," ती म्हणाली आणि लाजली. माझा बेत तिला सगळा माहीत आहे हे तिनं लपवलं नाही.

सोनईला मास्तर ओसरीवरच बसले होते. मी सगळं सांगितलं. डबा, वाफ, झाकण, माझा संशय, माझं तोंड. काही राखून ठेवलं नाही. मग डबा उघडून पुढे केला. "हे बघा. त्याच भट्टीतलं. तुम्हीच तोडून बघा."

त्यांनी एक तोडलं, अर्धं खाल्लं. छान झाली आहेत म्हणाले. मग डब्याचं झाकण लावून तो माझ्याकडे सरकवला.

"बाई, राग मानू नका," ते म्हणाले. "मागच्या खेपेला मी तुमच्याकडे आलो तेव्हा तुम्ही रिकाम्या हातानं बोललात. आज तुम्ही माझ्याकडे आलात, त्यांच्याच भट्टीचा भरलेला डबा घेऊन. माझ्या जागी तुम्ही असता तर काय समजला असता?"

माझ्याजवळ उत्तर होतं. त्यांच्या जागी मी असते तर दुसऱ्या वाक्याला या बाईला उठवलं असतं. बिस्किटं मी स्वतःच्या तुपाची केलीत, असं मी तीनदा म्हणाले. प्रत्येक वेळी ते मला स्वतःलाच जास्त खोटं वाटत गेलं. मास्तर मान डोलवत राहिले. माणूस सभ्य होता, स्टँडपर्यंत सोडायला आला.

देवळालीला उतरले तर मुलगी स्टँडवरच उभी होती. पावाची टोपली बरोबर होती, म्हणजे विकायला आले असं सांगायची सोय. "द्या बाई, दमला असाल," म्हणत तिनं माझ्या हातातला डबा घेतला, आणि घेतल्याबरोबर तिच्या हाताला वजन कळलं: डबा भरलेलाच परत आला होता. तिनं डबा खाली ठेवला नाही. माझ्या घरापर्यंत तो काखेत धरून माझ्या पुढे चालत राहिली.