तांड्यावरचा हंबरडा

मित्राची आई जिवंत असताना मी तिच्या नावानं हंबरडा फोडला.

काल संध्याकाळी चरून आलेली गाय वासरू दिसताच हंबरली, आणि तरुणपणची ती दुपार आठवली. तीन वाजता मला दिग्रसला मुलगी पाहायला जायचं होतं. वाटेत बंजाऱ्यांच्या तांड्यावरून माझ्या मित्राला, शंकरला सोबत घ्यायचं, एवढंच काम. दाराशी पोचलो तर आत बायकांचा आक्रोश. त्याची आई, त्यांच्या बोलीत याडी, महिनाभर आजारीच होती. मी काय ते समजलो आणि शंकरच्या गळ्यात पडून मोठ्यानं गळा काढला.

"अबे, याडी तर थे बसली ना!" शंकर कानाशी म्हणाला. "मावशी आली चार सालानं. आमच्यात भेटल्यावर रडतेत."

पण उशीर झाला होता. परक्याचं पोर आपल्यासाठी रडतं म्हणून याडीनं माझी मान कवेत घेतली, पलीकडून मावशीनं. दोघी हेल काढून रडत होत्या. तंबाखूचा वास, गालात रुतणारे चांदीचे दागिने. सुटायला जरा हललो की मिठी आणखी आवळायची. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजले, साडेतीन वाजले. शेवटी मीही खरंच रडलो, मुलगी हातची जाते म्हणून.

आमच्यात हंबरडा मरणाचाच. गाय तो भेटीचाही फोडते, हे कळायला माझे केस पिकावे लागले.

साडेचारला दिग्रसच्या ओसरीत लाल, सुजल्या डोळ्यांनी बसलो. मुलीच्या मामानं मला खालून वर न्याहाळलं.

"बापू, अजून लगन बी नाही झालं. आताच काहून रडून राह्यले?"