आमच्या घरात जाहिरातीला बंदी!

हसायचं तर आत्ताच हसून घ्या! फजिती झाली ती झाली, पण मी डबा काढलेला नाही आणि काढणारही नाही.

डबा म्हणजे हो, तळहाताएवढा कॉम्प्युटर. वायफायच्या राउटरला जोडून ठेवलाय. घरातल्या सगळ्या मोबाइलवर येणाऱ्या जाहिराती तो बाहेरच्या बाहेर अडवतो. मी घराबाहेर असलो तरी माझा मोबाइल त्याला विचारूनच चालतो. आहात कुठे!

ओझरला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये मी रोज सगळ्यांना ऐकवायचो, "आमच्या घरात जाहिरातीला प्रवेश नाही!"

नेमका त्याच सुमारास बायकोनं, म्हणजे मंजूनं, नागलीच्या पापडांचा धंदा काढला. गच्चीवर पापड वाळवून वाळवून बिचारी काळवंडली, पण गिऱ्हाईक काही फिरकेना. मग तिनं काय करावं? मोबाइलवर जाहिरात! तीही माझ्या घरात बसून!

"अहो, लिंक पाठवलीये. जाहिरात बघून सांगा, मग सगळीकडे सोडते."

लिंक उघडेना. का उघडेना, ते मला लगेच कळलं. डब्यानंच अडवली होती! पण हे मंजूला सांगितलं असतं, तर डबा त्याच दिवशी भंगारात गेला असता.

"झकास आहे!" मी न बघताच ठोकून दिलं.

"नक्की? फोटो चालेल ना?"

"चालेल काय, पळेल!"

आणि पळाला की हो!

दुसऱ्या दिवसापासून लोक माझ्याकडे बघून हसायला लागले. भाजीवाल्या मावशींनी तर पदरच तोंडाला लावला. बसमध्ये चढलो की सगळे आधी मोबाइलकडे बघत, मग माझ्याकडे. मला काय वाटावं? डब्याची कीर्ती नाशिकभर पसरली! मी आणखी जोरात लेक्चर झोडायला लागलो.

शेवटी आमच्या खात्यातल्या शिंद्याला राहवेना. गडी मूळचा निफाडचा, पोटात काही ठेवत नाही.

"साहेब, जाहिरातींचं ऱ्हाऊ द्या. पापड लय कुरकुरीत हाय का हो?" असं म्हणून त्यानं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला.

बनियनमधला मी! डोळे मिटलेले, अर्धा पापड तोंडात, अर्धा बाहेर. वर ठळक अक्षरांत: 'घरातला किरकिऱ्या माणूसही गप्प बसतो! मंजूचे नागली पापड.'

घरी आल्या आल्या कडाडलो, "काढ ती जाहिरात!"

"अहो, तुम्हीच पास केलीत ना? आणि आता कशी काढू? देवळाली कॅम्पातनंसुद्धा ऑर्डरी येताहेत!" मंजूचा चेहरा असा फुललेला मी कित्येक दिवसांत पाहिला नव्हता.

आता बोला! न बघता पास केली म्हणावं, तर डबा जातो. बघून पास केली म्हणावं, तर अब्रू जाते.

अब्रू गेली तर गेली! डबा ठेवला.

त्यामुळे आजही छाती ठोकून सांगतो, आमच्या घरात एकही जाहिरात शिरत नाही. एक सोडून. ती रोज संध्याकाळी ओझरहून बसनं येते, दारात चपला काढते आणि वर चहाही मागते!