गच्चीवरची तांब्याची तार

डिजिटल रेडिओला एरियल लागत नाही असं माझं मीच ठरवून गच्चीवरची तांब्याची तार कापली आणि दोडक्याच्या वेलाला बांधली. आई जाऊन महिना झाला होता, आणि महिलांच्या कार्यक्रमातलं तिचं जुनं बोलणं त्या दुपारी रेडिओवर पुन्हा एकदाच लागणार होतं. सोलापूरचं ऊन, तापलेले पत्रे, रेडिओसमोर अण्णा आणि आत्या. माझी बडबड चालूच: हा आपोआप नेमक्या आकड्यावर बसतो, तिथून हलत नाही, खरखर गाळून टाकतो. वेळ झाली, आकडा बरोबर दिसला, आवाज मात्र नाही. जुन्या रेडिओत खरखरीतून का होईना, माणसाचा आवाज कळायचा. याला सिग्नल कमी पडला की हा पार मुका. “स्टेशन अगदी बिनचूक लागलंय, अण्णा,” मी सांगतच राहिलो. अण्णा आकड्याकडे बघत बसले. त्यांच्या चहावर साय धरली. मला रडू येईना आणि बोलणंही थांबेना. अजून दोडका तोडताना ती तार हाताला लागली की आत्या तेव्हा काय म्हणाली तेच ऐकू येतं: “आवाज धड येत न्हाय म्हटल्यावर त्यो रेडिओसुदिक गप बसतोय की रं. तुला कवा जमायचं?”