साठीतल्या दिगंबरभाऊंची ‘बोडी’

आज साठीनिमित्त ज्यांचा सत्कार होतो आहे, त्या दिगंबरभाऊंना मी पहिल्यांदा ऐकले ते भद्रावतीच्या आमच्या वसाहतीतल्या गणेशोत्सवात. नव्वदचे दशक नुकतेच सुरू झाले होते. कारखान्यातून सुटून आलेले भाऊ कामाच्याच बुटांत मंचावर उभे राहिले आणि त्यांनी इलेक्ट्रिक गिटार छेडली. दोनतीन गाण्यांत निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. लोक सिनेमाची गाणी ऐकायला आले होते. भाऊंनी मात्र ठरवलेली सगळी गाणी उरलेल्या लोकांसमोर जीव ओतून वाजवली. मी तेव्हा चंद्रपूरच्या कॉलेजात शिकत होते. दुसऱ्याच दिवशी मी त्यांना गाठले आणि मला बेस गिटार शिकवा म्हणाले. त्यांनी हसून बोटे दाखव म्हटले आणि शिकवायला सुरुवात केली.

पुढे ते मला आपल्या बँडच्या कार्यक्रमांना नेऊ लागले, तेव्हा वसाहतीत कुजबुज झाली. वडिलांनी माझे वाजवणे बंद केले. भाऊ आणि त्यांच्या पत्नी शालिनीबाई आमच्या घरी आले. लोक बोलतात, असे वडील म्हणाले. त्यावर भाऊ शांतपणे म्हणाले, “पोरगी वाजवन तरी बोलतील, नाई वाजवन तरी बोलतील. मंग वाजवू द्या न तिले.”

त्यानंतर कित्येक वर्षे शालिनीबाई प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसत. रॉक त्यांना फारसा आवडत नसे. त्या बसत, ते माझ्याकडे कुणी बोट दाखवू नये म्हणून. माझी मुलगी झाली तेव्हा भाऊंनी बँडचा सराव माझ्याच घरी आणला. आम्ही वाजवत असू आणि बाळ आतल्या खोलीत शालिनीबाईंच्या मांडीवर असे.

निवृत्तीनंतर भाऊंनी ‘बोडी’ हा नवा अल्बम केला. बोडी म्हणजे आपल्या भागातले शेताजवळचे छोटे तळे. गाणी सगळी आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडी बोलीतली, संगीत अस्सल रॉक. त्यावर एवढी मते आली की आम्ही चक्रावून गेलो. जुन्या चाहत्यांना भाऊंचा आवाज फाटल्यासारखा वाटला. आरमोरीच्या एका संगीत शिक्षकांनी त्याला गोंगाट म्हटले. कॉलेजच्या मुलांना रॉकमध्ये झाडी बोली ऐकून हसू आले. नागपूरच्या एका कॅसेट विक्रेत्याने चाली चांगल्या आहेत, पण शुद्ध मराठीत पुन्हा गाऊन द्या, असे सांगितले.

भाऊ म्हणाले, “मी ज्या बोलीत चिडतो, त्याच बोलीत गाईन. दुसऱ्या बोलीतला राग मले जमत नाई.” विक्रेत्याने कॅसेट परत केली.

मग भाऊंनी सावली गावात सगळा अल्बम लोकांसमोर वाजवायचे आणि नंतर ज्याला जे वाटेल ते बोलू द्यायचे ठरवले. आमचा ड्रमर रमेश वैतागला होता. सावलीतही हसले तर आपण बँड सोडणार, असे त्याने निघतानाच सांगितले. तो गेला असता तर बँड मोडलाच असता.

पहिल्या गाण्याला सभागृह हसलेच. आपली घरातली बोली भोंग्यातून एवढ्या जोरात येताना लोकांनी कधी ऐकली नव्हती. भाऊ थांबले नाहीत. मग ‘बोडी’ सुरू झाले. गावची बोडी बुजवून प्लॉट पाडणाऱ्यांवरचे ते गाणे. हसू हळूहळू विरले.

गाणी संपल्यावर एक निवृत्त गृहस्थ उठले. या वयात भजने म्हणावीत, चिडायचे काम तरुणांवर सोडावे, असा सल्ला त्यांनी दिला. भाऊंनी तो पूर्ण ऐकून घेतला.

“भजनाले माझा विरोध नाई,” ते म्हणाले. “पन बोडी बुजवली ते माझ्या डोळ्यांदेखत. या पोरायनं त बोडी पाह्यलीच नाई. मंग मी नाई चिडाचं त कोनं चिडाचं?”

तेव्हा मागून सीताबाई उभ्या राहिल्या. तलावातल्या मासेमारीवर त्यांचे घर चाले. त्यांनी स्पष्टच सांगितले, “बाजा लई मोठा हाये, भाऊ. कान दुखले माहे. पन ते बोडीचं गानं पुन्हा वाजवा. मी कान झाकून आयकतो.”

भाऊंनी माझ्याकडे पाहिले, मी रमेशकडे. त्याने काड्या उचलल्या. आवाज तसूभरही कमी न करता आम्ही ते गाणे पुन्हा वाजवले. सीताबाई खरोखरच कानांवर हात ठेवून शेवटपर्यंत उभ्या होत्या. परतताना रमेशने पुढच्या सरावाचा दिवस विचारला. तो आजही आमच्यासोबत आहे.

‘बोडी’ दुकानांतून फारशी विकली गेली नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. तिच्यावरचे वादही मिटलेले नाहीत. काही हितचिंतकांना वाटते की साठीच्या या सत्काराबरोबर भाऊंनी गिटार खुंटीला टांगावी. त्यांना कळवायला हवे, की भाऊंचा नव्या गाण्यांचा सराव सुरू झाला आहे आणि ती गाणी आधीपेक्षा चिडकी आहेत.

भाऊंची तब्येत ठणठणीत राहो, शालिनीबाईंच्या साथीने त्यांना भरपूर वर्षे मिळोत. आणि ज्यांना ‘बोडी’ आवडली नाही, त्यांनाही तेवढेच आयुष्य लाभो. भाऊ अजून पुष्कळ वाजवणार आहेत, आणि ते या मंडळींना ऐकावेच लागणार आहे.