काचबाईचा तडा

काचबाईला फसवणं सोपं नव्हतं. फ्रेमच्या दुकानात अकरा वर्षं काच कापलेली बाई ती. गिऱ्हाईक भांडायला आरसा घेऊन आलं की ती तो समोरून कधी बघायचीच नाही. दाराशी न्यायची, उजेडात तिरका धरायची, एक डोळा मिटायची आणि म्हणायची, हा बघा तडा, आणि हा तुमच्या घरी गेलाय. केसाएवढी रेघ खरोखरच तिथं असायची. गिऱ्हाईक गप गुमान घरी.

तर अशा या शहाणीच्या मनात बाळंतपणानंतर एक भीती घर करून बसली, आणि ती तिनं कोणाला, अगदी नवऱ्यालासुद्धा सांगितली नाही. आपल्या हाडाला आत तडा गेलाय. लेकीला उचलून उभं राहिलं की तो पुढं पळणार, आपण मधोमध दुभंगणार, आणि पोर फरशीवर.

हसू नका. तिनं आवाज ऐकला होता. शेवटच्या कळेला डॉक्टरीणबाई आणि नर्स दोघी जोर लाव म्हणून कोकलत होत्या, आणि आत खोल कुठंतरी ‘कट्’ झालं. काच कापायच्या चाकानं रेघ मारलेली काच टेबलाच्या कडेवर दाबली की होतं, अगदी तसं. रोज शंभर वेळा ऐकलेला आवाज ओळखायला ती चुकेल होय? लेक रडली, बाकीच्या हसल्या, आणि ही आपली कान देऊन पडून राहिली, पुढचा आवाज कधी येतो त्याची वाट बघत.

दुखत तर होतंच. ओटीपोटाच्या खाली, समोर दोन बाजूंची हाडं जिथं भेटतात तिथं. कूस बदलताना, जिना चढताना, एका पायावर उभं राहून कपडे घालताना. दवाखान्यात एक्स-रे काढला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हाड शाबूत आहे, जोड जरा सैल झालाय, हळूहळू बरं वाटेल. काचबाईनं शहाण्यासारखी मान डोलावली आणि मनात म्हणाली, समोरूनच काढलात ना फोटो? समोरून तडा दिसतो होय कधी?

मग घरात सुरू झाला कारभार. ती पाय उचलेना, घासत घासत चालायला लागली. सासूनं दोन दिवस बघितलं आणि म्हणाली, "सूनबाई, पायांना फडकी बांधून देते. फिरता फिरता फरशी तरी पुसून होईल." काचबाई हसली, पण पोट धरून, कारण हसलं तरी आत कळ जायची.

लेक तिच्याकडे यायची ती पलंगावरच. तीन उशा लावायच्या, कोणीतरी पोर आणून मांडीत द्यायची, कोणीतरी उचलून न्यायची. नवरा बसचा ड्रायव्हर, उजाडायच्या आत घराबाहेर. म्हणजे राहिली सासू. ती आंघोळीला निघाली की काचबाई विचारायची, आई, किती वेळ लागेल? सासू म्हणायची, मुहूर्त काढून नाही गं जात मी. पण जायची ती दार अर्धवट लोटून.

दुखणं कमी होण्याऐवजी वाढत गेलं. सातव्या आठवड्यात तर उठायच्या आधीच दुखायला लागायचं. पाय अजून जमिनीला टेकायचा असायचा, आणि हिचे दात आवळलेले, श्वास अडकलेला, मांड्या दगड. पोरगी आता तोंडाकडे बघून हसायला लागली होती, हात हलवायची. ती जवळ आणली की काचबाई स्वतःचे तळहात मांड्यांखाली दाबून ठेवायची, न जाणो हात आपसूक पुढं गेले तर. सासूच्या ते नजरेस पडलं. दुसऱ्या दिवशी तिनं रिक्षा बोलावली आणि सुनेला फिजिओबाईंकडे नेलं.

फिजिओबाईंची खोली एवढीशी. एक उंच खाट, एक मोठा निळा चेंडू आणि खिडकी. बाईंनी तपासलं, वाकवलं, दाबलं, आणि मग हात पुसत विचारलं, "नेमकं काय होईल अशी भीती वाटते?"

हा प्रश्न अजून कोणी विचारलाच नव्हता. कुठं दुखतं, किती दुखतं, सगळ्यांनी विचारलं होतं. काचबाईनं सासूकडे बघितलं. सासू लगेच खिडकीबाहेर बघायला लागली. मग सगळं बाहेर आलं, आवाज, तडा, तिरका उजेड, फरशीवर पडलेली पोर.

फिजिओबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, दुखतंय ते खरंच दुखतंय, तुम्ही काही मनानं तयार केलेलं नाही. आवाज कसला ते मला नाही सांगता यायचं, पण त्यानंतर जवळजवळ दोन महिने तुम्ही जिने चढलात. तडा गेलेल्या काचेवर कोणी दोन महिने चालतं का? मग त्यांनी सहज विचारलं, नवीन माणसाला काच कापायला शिकवताना आधी काय सांगता?

"हात आवळू नकोस. आवळलास की काच वाकडी फुटते. श्वास सोडत चाक चालव," काचबाई म्हणाली आणि थांबली. तिच्या मुठी मांडीवर घट्ट वळलेल्या होत्या. श्वास तर कधीचा धरलेला.

"आणि काच जुळत नाही," फिजिओबाई म्हणाल्या. "हाड जुळतं. ते जिवंत असतं."

त्यांनी दोन किलोची वाळूची पिशवी खाटेवर ठेवली. जवळ जा, गुडघे वाकवा, पिशवी पोटाशी घ्या, श्वास सोडत उभ्या राहा. काचबाईनं ती आठ वेळा उचलली आणि आठही वेळा कान टवकारले.

वाळूचं ठीक हो. वाळू पडली तर झाडून घेता येते.

चार दिवसांनी सकाळी सासू धुणं वाळत घालायला गच्चीवर गेली आणि लेकीनं टाहो फोडला. काचबाई पलंगाच्या कडेला बसून राहिली. आई, अशी हाक मारली, पण गच्चीपर्यंत काय पोचणार. पोरगी लालबुंद झाली, रडता रडता तिला ठसका लागला. काचबाईच्या मांड्या आपोआप दगड झाल्या. ती पाय घासत पाळण्यापर्यंत गेली. गुडघे वाकवले. पोरीला पोटाशी घेतलं. डोळे मिटले, श्वास सोडला आणि उठली.

कळ आली. चांगली सणसणीत आली. ती जिवाचा कान करून उभी राहिली, आता होईल, आता होईल म्हणत. पोरीनं दोन हुंदके दिले आणि तिच्या गळ्यात नाक खुपसलं. बाकी आवाज कसलाच नाही.

सासू रिकामी बादली घेऊन दारात आली तेव्हा सून खोलीच्या मधोमध ताठ उभी, गालावर आसवं. सासूनं बादली आवाज न करता खाली ठेवली.

"आई," काचबाई ओठ न हलवता कुजबुजली, "उचलली खरी, आता खाली कशी ठेवू?"

"घाई काय आहे?" सासू म्हणाली, आणि मुद्दाम हात मागं बांधून तिच्या शेजारी येऊन उभी राहिली.