गल्लीतला भरलेला माठ

आमच्या दुकानाच्या दारात पाणपोईचा एक माठ होता आणि त्या माठावर माझा राग होता. नवी पेठेच्या अंगाला आमची कापडाची गल्ली. एप्रिलातलं सोलापूरचं ऊन, चप्पल डांबराला चिकटायची, बाहेरगावच्या बायका घामाने निथळत यायच्या. तरी संध्याकाळी बघावं तर माठ जेमतेम चार बोटं उतरलेला. पुरुषमाणसं गल्लीच्या तोंडाशी असलेल्या हॉटेलात चहाबरोबर पाणी प्यायची, ते कळत होतं. बायका का पीत नाहीत, ते कळत नव्हतं. रोज सकाळी शिळं पाणी काढून ताजं भरायचं काम माझ्याकडे. दोनच वर्षांपूर्वी दुष्काळात मी एकेका घागरीसाठी रांगेत उभी राहिले होते. उरलेलं पाणी गाईच्या डोणीत ओततानाही माझा जीव वरखाली व्हायचा.

हा माठ म्हणजे गल्ली सुधारण्याच्या मोहिमेचा एक भाग होता. स्टँडजवळ कापडाची नवी दुकानं झाली होती. तिथे पंखे, ट्यूबलाइटी, माणसाएवढे आरसे. लग्नाचा बस्ता, म्हणजे सगळ्या वऱ्हाडाचं कापड एकदाच घ्यायचं, त्यासाठी आसपासच्या गावांतले लोक वर्षानुवर्षं आमच्याच गल्लीत यायचे. बस्त्याला चार-पाच तास लागतात. गाद्यांवर बसायचं, शंभर लुगडी उलगडायची, नाकं मुरडायची, पुन्हा पहिलंच लुगडं मागायचं. ते सगळं आता स्टँडकडे गेलं. आमच्याकडे कोणी आलंच तर तासाभरात बायकांचं "आटपा, आटपा" सुरू व्हायचं.

मग आमच्या दुकानदारांनी मंडळ काढलं. अध्यक्ष माझे मोठे दीर. भाऊजी हुशार माणूस, पण एकदा त्यांनी ठरवलं की ठरलं. मंडळाने सगळ्या दुकानांच्या फळ्यांना एकसारखा हिरवा रंग दिला, महापालिकेकडे खेटे घालून दिवे लावून घेतले, लाउडस्पीकरवर गाणी लावली. तेलुगू विणकरांच्या घरांतून मागावरच्या धोट्याचे खटखट आवाज यायचे, त्यात ही गाणी मिसळून नुसता कल्ला. गिऱ्हाईक काही वाढलं नाही. भाऊजी म्हणाले, "ही लग्नसराई बघू, फार तर पुढची. न्हायतर स्टँडाजवळ गाळा घ्यायचा." गाळ्याच्या मालकाला त्यांनी तसा शब्दही दिला.

माझं मशीन दुकानाच्या दारातल्या कोपऱ्यात होतं. ब्लाउज शिवायचं, साडीला फॉल लावायचा. सासरी आल्यापासून मला माझी अशी पहिली जागा मिळाली ती ही, दोन फूट रुंद. तिथे मला कोणी धाकटी सून म्हणत नसे, "शिवणाऱ्या बाई" म्हणत. मी नवऱ्याला विचारलं, नव्या गाळ्यात माझं मशीन कुठे बसणार?

तो म्हणाला, "तिकडं मशीनला जागा कुटं? दादा नको म्हणतो. घरी शिव की."

घरी कोण येणार होतं ब्लाउज टाकायला? त्या दिवशी मी एका बाईच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. बाहेर मला एवढाच राग काढता येत होता.

त्याच उन्हाळ्यात वैरागकडची एक बाई लेकीच्या बस्त्याला आली होती. डोक्यावर पदर, ओठ वाळलेले. माझ्या स्टुलावर टेकली, तर मी तांब्या पुढे केला. तिने ओठ ओले केले आणि तांब्या परत दिला. मला माझ्या स्वभावाप्रमाणे राग आला.

"का हो, आमच्या हातचं पाणी चालत नाही का तुम्हाला?"

ती घाबरलीच. इकडेतिकडे बघून खाली वाकली आणि हळू म्हणाली, "तसं न्हाय वो बाई. पानी प्यालं की जायाला लागतं. आन् हितं जायाचं कुटं? सकाळपास्नं एक घोट न्हाय घेतला. यष्टी स्टँडावर तरी सोय हाय."

मी तांब्या खाली ठेवला. लाज वाटली ती तिच्यावर चिडल्याची, पण त्याहून जास्त माझीच. कारण मी स्वतः सकाळी घरून निघताना चहासुद्धा अर्धाच घ्यायची आणि दुपारी घरी जाईपर्यंत पाण्याला शिवायची नाही. रोज. त्याच माठाशेजारी बसून! इतकी सवय झाली होती की त्याचा कधी विचारच केला नव्हता. माझी मोठी जाऊ, जिला आम्ही अक्का म्हणायचो, ती कुठे लग्नाला निघायची असली की पहाटेपासून पाणी बंद करायची. घरात म्हणायचे, अक्काचा उपास. आणि आमच्याच दुकानात तर ती वीस वर्षांत आली नव्हती. लुगडी गठ्ठ्यात बांधून तिला घरी दाखवायला जायची. अक्काला गर्दी सोसत नाही, असं घरात ठरून गेलं होतं.

आता हे मंडळापुढे मांडायचं कोणी? नवऱ्याला सांगितलं तर त्याचे कान लाल झाले. "असलं मी दादाला कसं सांगू?" म्हणून तो पान खायला निघून गेला.

मी गेले खालाकडे. खाला म्हणजे गल्लीच्या तोंडाशी बांगड्यांचं दुकान चालवणारी, साठी ओलांडलेली बाई. अर्ध्या जिल्ह्यातल्या बायकांचे हात तिच्या हातातून गेलेले. बांगडी चढवताना ती असं काही विचारायची की बाई बोलण्यात गुंतून दुखणं विसरायची. माझं ऐकून ती म्हणाली, "मेरेकू मालूमच है ये. पूछताच कौन है मेरेकू?"

मंडळाच्या पुढच्या बैठकीत ती बिनबोलावता जाऊन उभी राहिली. मी दाराआड होते. वीस-पंचवीस पुरुष, मध्ये भाऊजी, आणि खाला कंबरेवर हात ठेवून म्हणते, "रंग लगाये, बत्त्यां लगाये, गाने बजाये. औरतां मुतने कू किधर जाना, ये सोचे क्या कोई?"

एकाला ठसका लागला. दोघे वर पंख्याकडे बघू लागले, आणि पंखा तर तिथे नव्हताच.

पण एक सांगते, आमच्या गल्लीतली माणसं वाईट नव्हती. एकदा त्यांच्या डोक्यात शिरलं की मग मागे हटायची नाहीत. महापालिकेने गल्लीच्या तोंडाशी जागा दिली, ड्रेनेज जोडून दिलं. विटा एकाने दिल्या, पत्रे दुसऱ्याने. दिवाळीच्या आत तीन खोल्यांचं पक्कं काम उभं राहिलं. वर लाल अक्षरांत 'महिलांसाठी' अशी दोन हात लांब पाटी, तिच्याखाली सगळ्या देणगीदारांची नावं. नारळ फोडला, पेढे वाटले. भाऊजींनी भाषण केलं. समोरच्या हॉटेलच्या बाकांवर बसून सगळी गल्ली टाळ्या वाजवत होती.

आणि एकही बाई आत गेली नाही.

जाणार कशी? दार थेट रस्त्यावर, हॉटेलच्या बाकांच्या समोर. दिवसभर तिथे पुरुष चहा ढोसत बसलेले. वर ती पाटी. वीस माणसांच्या नजरा पाठीवर घेऊन त्या दारात शिरेल अशी बाई सोलापुरात काय, चार जिल्ह्यांत मिळाली नसती. महिनाभराने तिथे कोणीतरी झाडू आणि मांडवाचे बांबू ठेवायला सुरुवात केली. भाऊजी घरी जेवताना म्हणाले, "बगा, बायकांनाच नको हुतं. उगाच खर्च." अक्का भाकरी वाढत होती. तिने भाकरी त्यांच्या ताटात ठेवली. वैशाख संपला की दुकान हलवायचं, हेही त्यांनी त्याच जेवणात सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी खालाच्या दुकानात बसून रडले. सरळ सांगते, बायकांसाठी नाही, माझ्या मशीनसाठी रडले. खालाने मला रडू दिलं, मग माझा हात धरून मागच्या परसात नेलं. त्या नव्या खोल्यांची मागची भिंत तिच्या परसाला लागूनच होती. तिने भिंतीवर थाप मारली.

"बांगडी की दुकान में औरत जाती, तो कौन देखता? दरवाजा इधर निकालते."

गल्लीच्या सुट्टीच्या दिवशी गवंडी आला. त्याच्या बायकोने खालाकडे चुडा भरलेला, म्हणून तो नाही म्हणू शकला नाही. परसाच्या बाजूने भिंत फोडली, रस्त्याकडचं दार विटांनी बुजवलं. तेलुगू विणकरांच्या वाड्यातल्या एका बाईने जुनी फळीची दारं दिली, वर त्यांना कड्या बसवून दिल्या. हॉटेलवाल्याने पाण्याचं पिंप पाठवलं. त्याला बहुतेक आपल्या बाकांची लाज वाटली असावी. पाटी मात्र तशीच राहिली. पुढे कित्येक वर्षं गल्लीच्या तोंडाशी एक कोरी भिंत होती आणि तिच्यावर लिहिलं होतं, 'महिलांसाठी'.

राहिला प्रश्न, साफ कोण करणार. हा प्रश्न निघाला की मंडळातले सगळे चपला शोधायला लागायचे. खाला म्हणाली, एक दिवस मी. मी म्हणाले, एक दिवस मी. फिनेलची बाटली आणि खराटा मी मशीनखाली ठेवायला लागले.

हे भाऊजींना कळलं त्या दिवशी घरात मोठा भडका उडाला. ते माझ्याशी तसंही थेट फार बोलत नसत; बोलायचं ते भिंतीकडे बघून. त्या दिवशी भिंतीला म्हणाले, "आमच्या घरातली सून संडास धुती म्हनं. लोकांना तोंड कसं दाखवू?"

मीही भिंतीलाच सांगितलं, "दुसऱ्या कोणी धुतलेलं चालतं, तर सुनेने धुतलेलंही चालेल."

त्यानंतर त्यांनी भिंतीशी बोलणंही सोडलं. चार महिने. दुकानात मी दारात, ते गादीवर, मध्ये दहा फूट आणि एक शब्द नाही. नवरा बिचारा निरोप्या झाला होता.

लग्नसराई सुरू झाली. वैरागकडची ती बाई धाकट्या लेकीच्या बस्त्याला आली. मी तिला कानात सांगितलं. ती लेकीला म्हणाली, "चल गं, जरा बांगड्या बगून यू." अर्ध्या तासाने दोघी हसत परत आल्या, गादीवर मांडी ठोकून बसल्या आणि मग चार तास हलल्या नाहीत. सतरा लुगडी उलगडायला लावून माझ्या नवऱ्याला नको नको केलं. तिने गावात सांगितलं असणार, कारण पुढच्या आठवड्यात त्याच वाटेवरच्या तीन गावांचे बस्ते आले. खालाच्या बांगड्याही खपायच्या, कारण रिकाम्या हाताने बाहेर पडायला बायकांना ओशाळं वाटायचं. मला दुपारी दोनलाच माठ पुन्हा भरावा लागू लागला. मी तो भरताना भाऊजी बघायचे. पण गाळ्याचा शब्द त्यांनी मागे घेतला नव्हता, आणि वैशाख आला होता.

वैशाखातच भाऊजींच्या लेकीचं लग्न होतं. लुगडी घरी दाखवायला न्यायचा गठ्ठा मी बांधत होते, तेवढ्यात दारात टांगा थांबला. अक्का उतरली. मागून तिची लेक. वीस वर्षांनी अक्का आपल्या नवऱ्याच्या दुकानाची पायरी चढत होती. भाऊजी गादीवर एक शालू उलगडून गिऱ्हाइकाला दाखवत होते. त्यांचा हात तसाच थांबला.

अक्का माझ्या स्टुलावर बसली. पदराने तोंड पुसलं.

"पाणी दे गं," ती म्हणाली.

मी तांब्या भरून दिला. तिने मान वर करून सगळा तांब्या रिकामा केला. परत दिला. "अजून एक."

भाऊजींनी हळूच विचारलं, "पाणी? तू?"

"व्हय," अक्का म्हणाली. "आता हितं सोय हाय की. धाकटीनं केलीया." दुसरा तांब्या तिने सावकाश, घोट घोट करून संपवला. मग लेकीला म्हणाली, "बांगड्या बगून येऊ, मग निवांत बसू."

दोघी गेल्या. गिऱ्हाईक भाव विचारत होतं आणि भाऊजी शालू हातात धरून माठाकडे बघत होते. वीस वर्षं ज्याला घरात अक्काचा उपास म्हणत होते तो उपास नव्हताच, हे त्यांना तेव्हा कळलं असावं. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खराटा घेऊन खालाकडून परत आले, तर दुकानासमोर हातगाडी उभी. गाडीवर एक मोठा रांजण, माझ्या कंबरेएवढा, नवीन, अजून मातीचा वास येणारा. भाऊजी धोतर खोचून स्वतः तो उतरवत होते. तो दारात आणून टेकवला आणि घाम पुसत त्यांनी जागेकडे बघितलं. मग माझ्याकडे, भिंतीकडे नाही.

"मशीन जरा आत सरकव की," ते म्हणाले. "रांजणाला जागा पायजे."