रिकाम्या विमानाचं वजन

विमान कंपनीच्या वजन विभागात त्याला सगळे तोळामासा म्हणत. माणूस अंगाने चांगला गरगरीत, जिना चढताना धापा टाकणारा. पण विमानात जाणारी प्रत्येक वस्तू आधी त्याच्या काट्यावर चढे. त्याने जेवणाचे चमचे पातळ करवले, खुर्चीच्या खिशातलं जाडजूड मासिक बंद करवलं, पाण्याच्या टाक्या उगाच काठोकाठ भरायची सवय मोडली. वजन कमी तर इंधन कमी, इंधन कमी तर धूर कमी. समुद्र ओलांडणारं एक विमान आभाळात किती धूर ओततं, हे त्याला ठाऊक होतं आणि त्याचा त्याने ध्यास घेतला होता. "आभाळच फाटलंय, तुम्ही चमच्यांचं ठिगळ लावताय," असं शेजारच्या टेबलावरचा कारकून म्हणे. तोळामासा हसून पुढचा ट्रे काट्यावर ठेवी.

हे वेड त्याने ऑफिसातच ठेवलं असतं तर बरं झालं असतं. पण तो पडला तत्त्वाचा माणूस. कंपनीची फुकट तिकिटं मिळत असून तो कधी विमानात बसून कुठे गेला नाही. मुलगी लग्न होऊन समुद्रापलीकडे गेली तेव्हा त्याने तिला निक्षून सांगितलं, यायचं ते दोन-तीन वर्षांतून एकदा, आणि आलीस की मनसोक्त राहायचं. खाण तशी माती, मुलीने ते मानलं. बायकोला कुणी विचारलंच नाही. "बापलेकींनी मिळून आभाळ वाचवा," ती म्हणे, "मी बघते नातीला फोनवर."

मग तिच्या मधुमेहाने डोळ्यांवर घाला घातला. एक डोळा गेला आणि दुसऱ्याला फोनमधली नात म्हणजे नुसता हलणारा डाग दिसू लागला. "जवळून, उजेडात, मांडीवर घेतली तर दिसेल मला," ती म्हणाली. डॉक्टर म्हणाले, हा डोळा वर्षभर तरी साथ देईल, पण खात्री देता येत नाही. मुलीने त्याच दिवशी तिकीट काढलं.

तोळामाशाने तिला फोन केला. "अगं, वर्षअखेरीला तुझ्या चुलतभावाचं लग्न आहे. तेव्हा यावं लागणारच. मग दोन फेऱ्या कशाला? एकीतच दोन्ही होतील. डॉक्टरांनी वर्ष दिलंय."

खात्री देता येत नाही, हे तेवढं त्याने सांगितलं नाही.

"आईला विचारलंत, बाबा?"

"तिची काय हरकत असणार?"

आई दारातच उभी होती. तिने ऐकलं आणि ती आत निघून गेली. वर्षानुवर्षं हेच करत आली होती ती, आजच वेगळं काय करणार? मुलीने तिकीट रद्द केलं.

महिनाही झाला नसेल. एका सकाळी बायको अंथरुणात उठून बसली आणि म्हणाली, "अहो, दिवा लावा ना." खिडकीतून ऊन थेट तिच्या तोंडावर आलं होतं. डोळ्याच्या आत रक्तस्राव झाला होता. डॉक्टरांनी करायचं ते केलं, पण नजर परत आली नाही. "एवढ्यात सांगू नका तिला," बायकोने बजावलं, "परक्या गावात एकटी रडत बसेल." त्याला ते सोयीचंच वाटलं.

पुढच्याच आठवड्यात नवी हलकी ब्लँकेटं आली. तो सहसा विमानात चढत नसे, त्याचं काम गोदामात. पण ब्लँकेटं खुर्च्यांवर कशी बसतात ते बघायला तो वर गेला. विमान नुकतंच उतरलं होतं, आणि तेही मुलीच्याच शहराहून. दाराशी सफाईच्या बायका निवांत गप्पा मारत बसल्या होत्या.

"झाडून झालं इतक्यात?" त्याने विचारलं.

"झाडायचं काय?" त्यांची मुकादम म्हणाली. "कुणी आलंच नाही त्यातून."

"बिघाड झाला होता?"

"छे हो. हा मंदीचा मोसम, विमान असंच येतं. उतरायची वेळ वापरली नाही तर ती दुसऱ्या कंपनीला देतात म्हणे. म्हणून उडवायचं, माणूस असो नसो. तुम्ही ऑफिसातले आणि तुम्हाला माहीत नाही?"

त्याला माहीत नव्हतं. चमच्याचं वजन माहीत होतं. तो आत शिरला. खुर्च्यांच्या रांगाच्या रांगा, पट्टे जसेच्या तसे. जेवणाच्या कप्प्यात त्याचे पातळ चमचे कागदात गुंडाळलेले, एकही उघडलेला नाही. सगळं मुसळ केरात. ज्या धुरासाठी त्याने लेकीला थांबवलं, तो धूर ओकत विमान आलंच होतं. त्यात लेक आणि नात तेवढ्या नव्हत्या. तो एका खुर्चीत बसला आणि तोंडावर हात ठेवून रडला. ब्लँकेटं तशीच राहिली.

घरी बायको पलंगावर बसून चाचपत कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याने तिला सगळं सांगितलं, फोनवर गाळलेलं वाक्यसुद्धा.

"एकही माणूस नव्हतं?"

"चालवणारे तेवढे."

"मग या दोघी बसल्या असत्या तर?"

"काही फरक पडला नसता," तो म्हणाला.

ती घडीवर हात फिरवत राहिली. त्याला ते सोसवेना. त्याने तिथेच मुलीला फोन लावला. "मिळेल त्या विमानाने ये, बाळा. नातीला घेऊन ये. लग्नाबिग्नाचं सोड."

बायकोने हात पुढे केला. तो आधी त्याच्या कोपराला लागला, मग फोन सापडला.

"घाई करू नकोस गं," ती लेकीला म्हणाली. "लग्नालाच ये. बाबा म्हणाले तेच बरोबर, दोन फेऱ्या कशाला? आता केव्हाही आलीस तरी मला तेवढंच दिसणार आहे."

"तेवढंच म्हणजे? आई, तेवढंच म्हणजे किती?"

तिने फोन नवऱ्याच्या हातात दिला आणि पुढचा कपडा घडी घालायला घेतला.